मोजपट्टीवाचून नेमकेपणा



ज्या गणितशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना अभिवादन करून बोलायला सुरुवात करते. ही व्याख्यानमाला त्यांच्या विद्यार्थ्यांनी उभी केली आणि आजही तेच ती चालवतात. शिक्षकाचं याहून मोठं स्मारक मला माहीत नाही. म्हणूनच विषय निवडताना एकच कसोटी लावली. आज सभागृहात बसलेल्या शिक्षकाला जे उद्या वर्गात नेता येईल, तेच बोलायचं.

विषय आहे चौरस कागदाची डबी. प्रत्येक खुर्चीवर २० सेंटिमीटर बाजूचा एक चौरस कागद ठेवलेला आहे. सोबत कात्री, डिंक, मोजपट्टी काही दिलेलं नाही, कारण त्यांतलं काहीच लागणार नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. नेमकेपणा मोजण्यातून येतो, असं आपण मुलांना शिकवतो. पट्टी लावा, मिलिमीटर वाचा, आकडा लिहा. पण मोजण्याच्याही आधीचा एक नेमकेपणा आहे, तो जुळवण्यातून येतो. कड कडेवर आणली की मध्य सापडतो. कोपरा बिंदूवर टेकवला की अंतर सारखं होतं. इथे आकडा नाही, एकक नाही, तरीही उत्तर बिनचूक आहे. भूमितीचा जन्म या जुळवण्यात झाला आणि शाळेत आपण तोच भाग गाळून टाकला आहे. एका डबीच्या आधाराने तो परत कसा आणता येईल, हे आज मांडायचं आहे.

डबी

कागद हातात घ्या. रंगीत बाजू खाली. समोरासमोरच्या दोन कडा जुळवून मधोमध घडी घाला, नखाने दाबा आणि उघडा. कागद फिरवा, दुसऱ्या दिशेनेही तसंच करा. दोन घड्या जिथे एकमेकींना छेदतात तो कागदाचा मध्य. आता चारही कोपरे एकेक करून या मध्यावर आणा. इथे घाई नको. कोपरा मध्यावर धरा, एका बोटाने तो तसाच दाबून ठेवा आणि मगच दुसऱ्या हाताने घडी पक्की करा. कागदाला जाडी असते, म्हणून शेजारच्या कोपऱ्यांमध्ये केसाएवढी फट राहिली तर चालेल. मात्र कोपरे एकमेकांवर चढले, तर डबीच्या भिंती पुढे फुगतात.

हातात आता लहान चौरस आला. त्याची एक कड मध्यरेषेवर आणून घडी घाला, मग समोरची आणा. दोन्ही उघडा. उरलेल्या दोन कडांचंही तसंच करा आणि उघडा. पुढे समोरासमोरचे दोन कोपरे मध्यापासून पूर्ण उलगडा, म्हणजे कागदाची दोन टोकं लांब बाहेर येतील. जे दोन कोपरे आत दुमडलेले राहिले, त्यांच्या बाजू उभ्या करा. या झाल्या दोन भिंती.

आता उरली ती खरी खुबी. बाहेर आलेलं एक टोक धरून वर उचला. उचलताना दोन्ही अंगांना कोपऱ्यातला कागद आपोआप तिरपा दुमडतो आणि आत वळतो. त्याला अडवू नका. घडी तिथे आधीच पडलेली आहे, कागदाला आपली वाट ठाऊक आहे. टोक भिंतीवरून आत घ्या, आतल्या बाजूने खाली उतरवा आणि तळावर सपाट बसवा. दुसऱ्या टोकाचंही तसंच. चार कोपरे तळाच्या मध्यावर पुन्हा एकत्र आले आणि डबी उभी राहिली.

हलवून पाहा, ती उलगडत नाही. टोकाने भिंतीवरून आत येताना कोपऱ्यातले दुमडलेले पदर आपल्या पोटात धरले आहेत. सुटू पाहणाऱ्या पदरांना दुसरे पदर धरून ठेवतात, म्हणून डिंक लागत नाही. आणखी एक हिशेब पाहा. डबीचा तळ आणि चार भिंती एकपदरी करायच्या असत्या, तर या कागदाच्या तीन-अष्टमांश भागातच भागलं असतं. उरलेला पाच-अष्टमांश कागद भिंती आणि तळ दुहेरी-तिहेरी करण्यात, कोपरे बांधण्यात आणि कड पक्की करण्यात खर्ची पडला. साध्या वहीच्या कागदाची डबी मूठभर तांदूळ सहज पेलते, त्याचं कारण हे.

चौरसाची दुप्पट

पहिल्या पायरीकडे परत येऊ. चार कोपरे मध्यावर आले, तेव्हा मोठ्या चौरसातून लहान चौरस निघाला. त्याचं क्षेत्रफळ किती? मुलं पटकन म्हणतात, चौथा हिस्सा, कारण डोळ्यांना तो बराच लहान वाटतो. उत्तर कागदच देतो. दुमडलेल्या चार त्रिकोणांनी लहान चौरस पुरता झाकला. फट नाही, की पदरावर पदर नाही. खाली एक थर, वर एक थर. म्हणजे मोठा चौरस लहानाच्या बरोबर दुप्पट आहे. सिद्धता संपली, आणि तिच्यात एकही आकडा आला नाही.

ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. यज्ञवेदी रचणाऱ्यांसाठी लिहिलेल्या बौधायनाच्या शुल्बसूत्रात सांगितलं आहे की चौरसाच्या कर्णावर ताणलेली दोरी दुप्पट क्षेत्रफळ निर्माण करते. शुल्बकारांकडे खुंट्या होत्या आणि दोरी होती. ग्रीसमध्ये प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका अशिक्षित गुलाम मुलाकडून हीच आकृती काढवून घेतो. त्या मुलाचं पहिलं उत्तर चुकतं. बाजू दुप्पट केली की चौरस दुप्पट होईल, असं त्याला वाटतं. आपल्या वर्गातली मुलंही तिथेच चुकतात. फरक इतकाच, की कागद हातात असला तर चूक कुणाला सांगावी लागत नाही. घडी उघडली की ती दिसते.

जपानचं माप

ही डबी जपानमध्ये मासू या नावाने ओळखली जाते. मासू म्हणजे मुळात लाकडी चौकोनी माप. तांदूळ, साके, सोयाबीन, काहीही त्याने मोजत. गिफू प्रांतातलं ओगाकी हे शहर आजही लाकडी मासूंसाठी प्रसिद्ध आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेत्सुबुन नावाचा सण येतो. त्या दिवशी भाजलेले सोयाबीन मासूत घेऊन घराबाहेर उधळतात, म्हणजे अरिष्ट बाहेर जातं आणि सुख आत येतं. लाकडी मासू हाताशी नसेल तर कागदाची करतात. ज्या समाजात धान्य वजनाने कमी आणि मापाने जास्त मोजलं गेलं, तिथे चौकोनी डबीला मान मिळणारच. पायली, शेर, मापटं, चिपटं वापरलेल्या आपल्या मागच्या पिढ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं.

पण माप म्हटलं की सत्ता येते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीने देशभर एकच माप असावं म्हणून क्योतोचं मासू प्रमाण धरलं. एका ‘शो’च्या त्या मासूची बाजू पाच सुन आणि खोली अडीच सुन होती. सुन म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटर. बाजूच्या निम्मी खोली! आपल्या कागदी डबीचं प्रमाणही अगदी हेच आहे. तुमच्या हातातल्या डबीचा तळ मोजला, तर त्याच्या निम्मी उंची भिंतीला सापडेल.

पुढे १६६९ साली तोकुगावा राजवटीने नवं मासू आणलं. बाजू चार सुन नऊ बु, खोली दोन सुन सात बु. दहा बु म्हणजे एक सुन. हा बदल नीट पाहा. दोन्ही बाजू एकेक बुने कमी केल्या आणि खोली दोन बुने वाढवली. लांबी, रुंदी आणि खोली यांची बेरीज पूर्वीही साडेबारा सुन होती, नंतरही साडेबाराच राहिली. बघणाऱ्याला वाटावं, इकडून काढलं आणि तिकडे घातलं. आता गुणाकार करा. जुन्या मापाचं घनफळ ६२.५ घन सुन, नव्याचं ६४.८२७ घन सुन. सुमारे ३.७ टक्के वाढ.

ज्या काळात शेतकऱ्यांकडून सारा तांदळाच्या रूपात घेतला जाई, त्या काळात मापाच्या आकारातले असे दोन बु म्हणजे किती पोती, याचा विचार करा. बेरीज तीच राहूनही गुणाकार वाढतो. तीन संख्या एकमेकींच्या जितक्या जवळ येतील, तितका त्यांचा गुणाकार मोठा होतो. हा बीजगणितातला सिद्धांत आपण मुलांना अक्षरं वापरून शिकवतो. तोच सिद्धांत ज्याला शेतावर भोगावा लागला, त्याला माप ओळखता येणं ही जगण्याची गरज होती. गणित येणं म्हणजे फसवलं न जाणं, हे मला या एका उदाहरणात जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसतं.

आपल्या डबीत किती मावतं?

तुमच्या २० सेंटिमीटरच्या कागदाचा लहान चौरस १४.१४ सेंटिमीटरचा झाला. डबीचा तळ त्याच्या निम्मा, ७.०७ सेंटिमीटर. भिंतीची उंची चौथा हिस्सा, ३.५४ सेंटिमीटर. घनफळ काढलं तर सुमारे १७७ घन सेंटिमीटर येतं. जपानी स्वयंपाकघरात आजही तांदूळ ज्या मापाने घेतात तो ‘गो’ सुमारे १८० मिलिलिटरचा आहे. म्हणजे तुमच्या हातात जवळजवळ एक गो आहे. दहा गोंचा एक शो होतो.

इथे मुलांना एक प्रश्न विचारावा. दुप्पट क्षेत्रफळाचा कागद घेतला तर डबीत दुप्पट मावेल का? अंदाज सांगा, मग करून बघा. तांदूळ मोजून बघितले, की दुपटीहून बरेच जास्त मावलेले दिसतात, सुमारे २.८३ पट. क्षेत्रफळ दुप्पट झालं तेव्हा बाजू दोनच्या वर्गमुळाने वाढली, आणि घनफळ त्या बाजूच्या घनाने वाढलं. लांबी, क्षेत्रफळ आणि घनफळ यांची वाढ वेगवेगळ्या चालीने होते, हे सूत्रातून शिकलेलं मूल परीक्षा झाली की विसरतं. तांदूळ सांडताना ज्याने पाहिलं, ते विसरत नाही.

झाकणाचं गणितही सांगून ठेवते. तेवढ्याच कागदाचं झाकण करायचं असेल, तर कडा मध्यरेषेवर आणताना त्या एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत. दोन कडांच्या मध्ये तीन मिलिमीटरची फट ठेवली, तर झाकणाचा तळ दीड मिलिमीटरने मोठा होतो आणि भिंत त्याच्या निम्म्याने, म्हणजे पाऊण मिलिमीटरने, बुटकी होते. मग झाकण खालच्या डबीवर सरकन बसतं. फट मोजायलाही पट्टी नको. दोन-तीनदा करून हाताला अंदाज येतो.

उंची बदलली तर?

आता एक गोष्ट दाखवते, ती मला या डबीतली सगळ्यात सुंदर वाटते. भिंतीची उंची आपण चौथा हिस्सा धरली, कारण कड मध्यरेषेवर आणणं सोपं. ती कमी केली तर टोकं तळाच्या मध्यावर पोचतील का? की अलीकडे तोकडी पडतील, की पलीकडे जाऊन एकमेकांवर चढतील?

टोकाची वाट आठवा. कागदाच्या मध्यापासून निघून तळावरून भिंतीपर्यंत जायचं, भिंत चढायची, आतून तितकीच उतरायची आणि तळावरून परत मध्याकडे यायचं. भिंत बुटकी केली, तर चढउतार कमी होते. पण तळ तेवढाच रुंदावतो, म्हणून तळावरची जायची-यायची वाट वाढते. जे वाचलं ते इथे खर्च झालं. एकूण वाट लहान चौरसाच्या बाजूएवढीच राहते, आणि मोठ्या कागदाच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतरही बरोबर तेवढंच आहे. म्हणून भिंतीची उंची चौथ्या हिश्शाहून कितीही कमी करा, चारही टोकं मध्यावरच भेटतात.

मग कोणत्या उंचीला डबीत सगळ्यात जास्त मावेल? बारावीच्या कलनात हे उदाहरण हमखास भेटतं. चौरस पत्र्याच्या चार कोपऱ्यांतून चौरस कापून काढा, बाजू वर वळवा आणि घनफळ महत्तम करा. उत्तर येतं, कापलेल्या चौरसाची बाजू पत्र्याच्या बाजूच्या एक-षष्ठांश. आपली डबी न कापता केली, पण तळ आणि भिंत यांचा हिशेब लहान चौरसावर अगदी तोच लागू पडतो. चौथा हिस्सा उंची ठेवली तर महत्तमाच्या ३२ भागांपैकी २७ भाग मावतात. सहावा हिस्सा ठेवली, तर याच २० सेंटिमीटरच्या कागदात १७७ ऐवजी सुमारे २१० घन सेंटिमीटर मावतात. बुटक्या डबीत जास्त मावतं, यावर डोळा आधी विश्वास ठेवत नाही. दोन्ही डब्या करून तांदूळ एकीतून दुसरीत ओतून बघावेत.

पण सहावा हिस्सा पट्टीवाचून काढायचा कसा? निम्मा करणं सोपं आहे, निम्म्याचा निम्माही सोपा. तिसरा हिस्सा मात्र कडेवर कड आणून मिळत नाही. इथे मदतीला येतात काझुओ हागा. ते जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी घडी एवढीच आहे: चौरसाचा खालचा एक कोपरा वरच्या कडेच्या मध्यबिंदूवर आणायचा. एकच घडी. वर जो काटकोन त्रिकोण दिसतो, त्याच्या बाजू तीन, चार, पाच या प्रमाणात असतात. आणि दुमडून आलेली खालची कड समोरच्या उभ्या कडेला जिथे छेदते, तिथे त्या कडेचे बरोबर एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश असे दोन भाग पडतात. पायथागोरसचा सिद्धांत आणि समरूप त्रिकोण येणाऱ्या नववी-दहावीच्या मुलाला हे पानभरात सिद्ध करता येतं. तिसरा हिस्सा मिळाला की त्याचा निम्मा म्हणजे सहावा. लहान चौरसावर ही खूण हलकीच चिमटून घ्या, आणि कलनाने सांगितलेली डबी कलनावाचून तयार होते.

घनाची दुप्पट

चौरसाची दुप्पट कोपरे मध्यावर आणून उलट्या वाटेने मिळते, हे पाहिलं. आता त्याच्या पुढचा प्रश्न. एका डबीच्या बरोबर दुप्पट मावेल अशी डबी हवी. किती बाजूचा कागद घ्यायचा? उत्तर आहे, दोनच्या घनमुळाइतका मोठा, म्हणजे सुमारे १.२६ पट. आकडा यंत्र सांगेल. पण घडी घालून तो काढता येतो का?

हा प्रश्न अडीच हजार वर्षं जुना आहे. ग्रीकांनी तो घनाच्या वेदीच्या निमित्ताने विचारला. कंपास आणि सरळपट्टी एवढ्याच साधनांनी तो सुटत नाही, हे एकोणिसाव्या शतकात सिद्ध झालं. आणि इथे आपल्या देशातल्या एका माणसाचं नाव आदराने घ्यायला हवं. मद्रास इलाख्यातले सरकारी अधिकारी टी. सुंदर राव यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांमधून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक मद्रासमध्ये प्रसिद्ध केलं. जर्मनीतल्या फ्रोबेलने बालवाडीत कागदाच्या घड्या आणल्या होत्या. सुंदर रावांनी त्याच घड्यांमधून चौरस, बहुभुज आणि श्रेढींपासून शंकुच्छेदांपर्यंतची भूमिती उभी केली. थोर जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्या पुस्तकाची दखल घेतली, आणि १९०१ साली त्याची अमेरिकी आवृत्ती शिकागोहून निघाली. वसाहतीतल्या एका अधिकाऱ्याने फावल्या वेळात लिहिलेलं पुस्तक जगभरच्या गणितशिक्षकांच्या हातात गेलं.

घड्यांनी घनमूळ काढता येणार नाही, अशी त्या पुस्तकाची धारणा होती. ती पुढे बदलली. १९३६ साली इटलीतल्या फेरारा इथल्या गणितज्ञ मार्गेरिता बेलोक यांनी दाखवलं, की एकाच घडीत दोन बिंदू एकाच वेळी दोन वेगळ्या रेषांवर आणले, तर घन समीकरणं सुटतात. कंपासला जे जमलं नाही, ते कागदाच्या एका घडीला जमलं. पुढे १९८६ मध्ये पीटर मेसर यांनी दोनच्या घनमुळासाठी एक अगदी सोपी घडी दिली. ती इथल्या प्रत्येकाला करता येईल.

चौरस कागदाचे आडवे तीन सारखे पट्टे करा. तिसरा हिस्सा हागांच्या घडीने मिळालाच आहे. आता खालचा उजवा कोपरा डाव्या कडेवर कुठेतरी टेकवायचा आहे. कुठे, ते दुसरी अट ठरवते: खालच्या पट्ट्याच्या रेषेचं उजवं टोक त्याच वेळी वरच्या रेषेवर पडलं पाहिजे. कोपरा कडेवर हळूहळू सरकवत न्या. एका जागी दोन्ही अटी एकदम जुळतात. तिथे घडी दाबा. कोपरा जिथे टेकला, त्या बिंदूने डाव्या कडेचे दोन तुकडे केले. वरचा तुकडा खालच्याच्या दोनच्या घनमूळपट आहे.

हे डबीत उतरवून बघू. ३० सेंटिमीटरचा कागद घेतला, तर तुकडे सुमारे १६.७ आणि १३.३ सेंटिमीटरचे होतात. त्या बाजूंचे दोन चौरस याच कागदाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत नेमके बसतात, कारण त्यांच्या बाजूंची बेरीज म्हणजेच कागदाची बाजू. दोन्ही चौरस वेगळे काढून घ्या, दोन्हींच्या डब्या करा. लहान डबी दोनदा सपाट भरून मोठीत ओता. मोठी काठोकाठ भरते. ज्या प्रश्नाने ग्रीक गणितींना शतकानुशतकं झुलवलं, त्याचं उत्तर तांदळात मोजून दाखवता येतं. आणि आपण वापरल्या त्या फक्त घड्या, पट्टीवरचा एकही आकडा नाही. माझ्या म्हणण्याला याहून भक्कम आधार मी दुसरा शोधला नाही.

शाळेत

आता शिक्षकांसाठी. आपल्या शाळांत कागदाची डबी कार्यानुभवाच्या तासाला होते, आणि घनफळ गणिताच्या तासाला. दोन्ही तासांच्या मध्ये घंटा वाजते आणि दोन्ही गोष्टी एकमेकींना कधी भेटत नाहीत. कार्यानुभवात डबी झाली की वहीला चिकटवली जाते, गणितात पेटीचं चित्र फळ्यावर काढलं जातं. ज्या मुलाच्या हातात डबी होती त्याला घनफळ कळलं नाही, आणि ज्याने घनफळ काढलं त्याच्या हातात डबी नव्हती.

हात आणि डोकं यांची फारकत करू नका, हे १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमच्या रूपाने मांडलं. तो विचार आपल्याच मातीत बोलला गेला, तरी आपल्याकडेच तो सर्वांत कमी रुजला. त्याला अपवादही आहेत. पुण्यात आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी कितीतरी वर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञान आणि गणित शिकवलं. सुंदर रावांच्या पुस्तकाची आठवण आपल्याकडे जागती ठेवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. कागदाला पैसे लागत नाहीत. जुन्या दिनदर्शिकेचं पान, छपाईत वाया गेलेलं पान, शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिकांची कोरी बाजू, काहीही चालतं. ए-फोर आकाराच्या कागदातून तिरपी घडी घालून २१ सेंटिमीटरचा चौरस निघतो.

माझी सूचना अगदी ठोस आहे. एकच डबी पाचवीपासून बारावीपर्यंत वर्षागणिक परत यावी. पाचवीत तिच्यातून अर्धा, पाव, अष्टमांश आणि काटकोन, त्याचा निम्मा कोन शिकावा. सातवीत लहान चौरस मोठ्याच्या निम्मा का, हे मुलांनी आपल्या शब्दांत सिद्ध करावं. आठवीत घनफळ काढून तांदळाने पडताळावं, आणि १६६९ च्या मासूचा हिशेब इतिहासाच्या शिक्षकांबरोबर बसून करावा. दहावीत हागांचा सिद्धांत घ्यावा. बारावीत महत्तम घनफळ काढताना दोन डब्या टेबलावर असाव्यात, आणि गोडी लागलेल्या मुलांना बेलोकची घडी दाखवावी. एकच वस्तू आठ वर्षं परत परत भेटली आणि प्रत्येक भेटीत नवं काही सांगू लागली, तर गणित हे सुट्या धड्यांचं पुस्तक नाही, हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आणि एक आग्रह. डबी करताना मुलांच्या हातून कागद ओढून घेऊन ‘असं कर’ म्हणून दाखवू नका. कोपरा मध्यावर बसला नाही, तर भिंत वाकडी उभी राहते आणि मूल स्वतःच कागद उलगडून चुकीची घडी शोधतं. घडीची खूण कागदावर राहते, म्हणून चूक कुठे झाली ते वाचता येतं. स्वतःची चूक स्वतः वाचता येणं हे गणितातलं सर्वांत मोठं शिक्षण आहे. ते गुणपत्रिकेतून मिळत नाही, आणि शिक्षकाने आधीच उत्तर दिलं तर तिथेच संपतं.

पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेच्या दिवशी आपापल्या शाळेतल्या मुलांना घेऊन या. दुप्पट मापाच्या दोन डब्या त्यांनी इथे व्यासपीठावर करून दाखवाव्यात, आणि सिद्धताही त्यांनीच द्यावी. ते व्याख्यान ऐकायला मी पहिल्या रांगेत बसेन.